सासऱ्यांची औषधांची पिशवी आणि महीचं पाणी

ताई, तुमच्या एका प्रश्नात तीन प्रश्न आहेत, म्हणून आधी तो थोडक्यात मांडून घेतो. सासरे गेले. दिवसपाणी उरकल्यावर बडोद्यात दांडिया बाजारातल्या घरी त्यांचं कपाट आवरताना औषधांनी भरलेली पिशवी निघाली. दीर म्हणाले, ‘सरकारनेच सांगितलंय, संडासात टाकून फ्लश करायचं.’ शेजारच्या काकू म्हणाल्या, गच्चीवर जाळून टाक. त्यात तुमच्या लेकीने शाळेच्या प्रोजेक्टसाठी वाचलं, की जगभरच्या नद्यांत औषधं सापडतात. तेव्हापासून ती विचारते आहे, की आपल्या नळाला मही नदीचं पाणी येतं, त्यातही असतील का, आणि घरातला आरओ ती काढतो का.

मी केमिस्ट आहे, पण दुकानातला नव्हे, सांडपाण्याचा. बत्तीस वर्षं बडोद्याच्या आसपासच्या कारखान्यांचं घाण पाणी बाटल्यांत भरून तपासलं. घरी सगळे म्हणायचे, बीएस्सी होऊन हा गटारं हुंगतो. खोटं नव्हतं ते.

लहान उत्तर आधी देतो: फ्लश करू नका, एका अपवादाखेरीज. जाळू तर मुळीच नका. आणि पाणी खुशाल प्या. पुढचं सवडीने वाचलंत तरी चालेल, लेकीच्या प्रोजेक्टलाही उपयोगी पडेल.

दिरांनी वाचलं ते अर्धं खरं आहे. केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटनेने मे २०२५ मध्ये मुदत संपलेल्या आणि न वापरलेल्या औषधांचं काय करावं याची मार्गदर्शिका काढली. तिच्यात फक्त १७ औषधांची यादी आहे, जी फ्लश करा असं म्हटलं आहे. फेंटानिल, मॉर्फिन, ट्रॅमाडॉल, टॅपेंटाडॉल, डायझेपाम अशी ती औषधं आहेत. कारण पाण्याशी निगडित नाही. ही औषधं घरात पडून राहिली आणि लहान मुलाने किंवा नशेच्या नादातल्या कुणी उचलून खाल्ली, तर एकच गोळीही जिवावर बेतू शकते. म्हणजे तिथे नदीच्या नुकसानीपेक्षा माणसाचा जीव वर ठेवला आहे, आणि ते बरोबरच आहे. पण वर्तमानपत्राच्या मथळ्यात ‘औषधं फ्लश करा’ एवढंच उरलं, सतरा औषधं मागे राहिली. तुम्ही पाठवलेल्या यादीत ट्रॅमाडॉलची एक स्ट्रिप दिसते. ती एवढीच त्या यादीतली. बाकीच्याचं काय करायचं ते शेवटी सांगतो, कारण त्याआधी तुम्हाला एक गोष्ट कळायला हवी: ती पिशवी हा या प्रकरणातला लहान भाग आहे.

मोठा भाग सासऱ्यांच्या हयातीतच रोज सकाळी वाहून गेला. आपण समजतो की औषध पोटात गेलं म्हणजे संपलं. तसं नसतं. त्यांचं मेटफॉर्मिन घ्या. मधुमेहाच्या या गोळीचं शरीरात जवळपास काहीच विघटन होत नाही. रक्तात शिरलेलं मेटफॉर्मिन आपलं काम करून जसंच्या तसं लघवीतून बाहेर पडतं. ॲमॉक्सिसिलिन या प्रतिजैविकाचा, म्हणजे अँटिबायोटिकचाही निम्म्याहून जास्त भाग तसाच जातो. सिप्रोफ्लॉक्सासिन या दुसऱ्या प्रतिजैविकाचा चाळीस-पन्नास टक्के. आता दांडिया बाजार ते रावपुरा एवढ्या पट्ट्यात मधुमेहाची गोळी घेणारी किती घरं असतील ते तुम्हीच मोजा. त्या सगळ्यांच्या सकाळच्या गोळ्या दुपारपर्यंत गटारात पोचलेल्या असतात, तेही कुणी काही चूक न करता.

यात एक गंमत आहे. औषध बनवणाऱ्याची सगळी हुशारी ते टिकाऊ करण्यात जाते. पोटातल्या आम्लात ते फुटता कामा नये, यकृताने पहिल्या फेरीत गिळता कामा नये, कपाटात दोन-तीन वर्षं खराब होता कामा नये, आणि अगदी थोड्या मात्रेत त्याने जिवंत पेशीवर काम केलं पाहिजे. याच गुणांमुळे ते चांगलं औषध ठरतं. आणि नदीत पोचल्यावर हेच गुण डोकेदुखी होतात. साखर, तेल, मैला हे जिवाणू आवडीने खातात. औषधाकडे मात्र त्यातले बरेच ढुंकून बघत नाहीत.

बडोद्याचं मैलापाणी अटलादरा, तरसाली, गाजरावाडी अशा ठिकाणच्या केंद्रांत जातं. तिथे हवा घुसळलेल्या टाक्यांत जिवाणूंची फौज ते पाणी काही तास खाते, मग गाळ खाली बसतो आणि वरचं पाणी पुढे जातं. ही केंद्रं बांधली ती मैल्यासाठी. औषधासाठी कुणीच बांधली नव्हती, इथेही नाही आणि लंडनलाही नाही. तरी काही औषधं त्यांत निघून जातात. पॅरासिटामॉल आणि आयबुप्रोफेन बहुतांश संपतात. मेटफॉर्मिन बरंचसं मोडतं, पण मोडून ग्वानिलयुरिया नावाचा दुसरा पदार्थ होतो आणि तोच पुढे वाहत जातो. सिप्रोफ्लॉक्सासिन पाण्यातून कमी झालेलं दिसतं, कारण ते गाळाला चिकटतं, आणि गाळ शेतात खत म्हणून गेला की तेही शेतात. फिटवर देतात ते कार्बामाझेपिन मात्र बेरकी: आत जितकं आलं जवळजवळ तितकंच बाहेर जातं. आमच्या धंद्यात एखाद्या पाण्यात शहराचं सांडपाणी मिसळलंय का हे ओळखायला कार्बामाझेपिनच शोधतात. घरातल्या चोराच्या पायाला शाई लागलेली असावी तसं.

विश्वामित्रीवर काळा घोडा पुलावरून आम्ही दोरीला बाटली बांधून सॅम्पल काढायचो. खाली उतरायची सोय नव्हती, कारण काठावर मगर ऊन खात पडलेली असायची. पावागढाकडून येणाऱ्या या नदीला उन्हाळ्यात स्वतःचं पाणी असं फारसं नसतंच. तेव्हा शहरातून जे वाहतं ते बहुतेक आपलंच वापरलेलं. बाटली गडद तपकिरी काचेची हवी, कारण काही औषधं उन्हात तुटतात. लगेच बर्फाच्या पेटीत ठेवायची. लॅबमध्ये ते पाणी एका बारीक कार्ट्रिजमधून थेंब थेंब गाळून औषध त्यावर पकडायचं आणि मग यंत्रात घालायचं. हे यंत्र लिटरला नॅनोग्रॅम मोजतं. एक नॅनोग्रॅम प्रतिलिटर म्हणजे शंभर कोटी लिटर पाण्यात एक ग्रॅम. ही हातोटी आल्यामुळेच हा विषय जन्माला आला. पूर्वी नद्यांत औषधं नव्हती असं नव्हे, आपल्याला दिसत नव्हती. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला बर्लिनमध्ये काही रसायनतज्ज्ञ भूजलात तणनाशकाचे अंश शोधत होते. त्यांना तणनाशकासारखाच दिसणारा एक अनोळखी पदार्थ सापडला. तो निघाला क्लोफिब्रिक ॲसिड, म्हणजे कोलेस्टेरॉलच्या गोळीचा शरीराबाहेर पडलेला अवशेष.

तुमच्या लेकीने वाचलं ते बहुधा २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेलं काम असावं. १०४ देशांतल्या २५८ नद्यांमधून हजाराहून जास्त ठिकाणची सॅम्पलं घेऊन त्यात ६१ औषधं शोधली. सर्वांत जास्त ठिकाणी सापडली तीन: कार्बामाझेपिन, मेटफॉर्मिन आणि कॅफीन. पहिल्या दोघांशी तुमची ओळख झालीच आहे, तिसऱ्याची चहा पिणाऱ्याला करून द्यायला नको. सुमारे एक चतुर्थांश ठिकाणी निदान एक पदार्थ तरी जलचरांसाठी सुरक्षित मानलेल्या, किंवा प्रतिजैविकांच्या बाबतीत जिवाणूंचा प्रतिकार वाढू नये म्हणून सुचवलेल्या पातळीच्या वर होता. सर्वांत वाईट आकडे श्रीमंत देशांचे नव्हते, मध्यम आणि कमी उत्पन्नाच्या देशांचे होते. श्रीमंत देश औषधं कमी खातात म्हणून नव्हे. त्यांचं सांडपाणी निदान केंद्रापर्यंत पोचतं म्हणून.

इथपर्यंत घराचं झालं. पण बडोद्यात राहून कारखान्यांबद्दल बोललं नाही तर अर्धीच गोष्ट सांगितल्यासारखं होईल. सयाजीरावांच्या काळात, १८९० मध्ये, इथे कलाभवन ही तांत्रिक शिक्षणाची संस्था सुरू झाली. त्यातले प्राध्यापक त्रिभुवनदास गज्जर, आणि अमीन व कोटिभास्कर, यांनी १९०७ मध्ये ॲलेम्बिक ही कंपनी काढली. हो, कोटिभास्कर, आपल्यातलेच. ‘या धंद्यात मराठी माणूस कुठे’ असं विचारणाऱ्याला मी हे नाव आवर्जून सांगतो. पुढे १९४३ मध्ये साराभाई केमिकल्स आलं. मग नंदेसरी, पादरा रस्ता, मकरपुरा इथले कारखाने. औषधाचा मूळ पदार्थ बनवणं, ज्याला आम्ही बल्क ड्रग म्हणतो, हे या जिल्ह्याचं पोट आहे. माझंही त्यावरच भरलं, तेव्हा मी कुणाला शिव्या घालायला बसलेलो नाही.

कारखान्यांचं पाणी शहराजवळच्या नद्यांत जाऊ नये म्हणून १९८३ च्या सुमारास बंद नाला बांधला, त्याला इथे सगळे नुसतं ‘चॅनल’ म्हणतात. धनोऱ्यापासून निघून सुमारे ५५ किलोमीटर जाऊन जंबुसर तालुक्यात सारोदजवळ तो महीच्या खाडीत सुटतो. चॅनलमध्ये पाणी सोडायचं तर आधी आपापल्या ईटीपीत, म्हणजे कारखान्यातल्याच सांडपाणी शुद्धीकरण केंद्रात, शुद्ध करायचं असा नियम. वाटेत काही ठिकाणी शेतकरी पंप लावून तेच पाणी शेतात घेतात असं वेळोवेळी आढळलं आहे. शेतकऱ्याला दोष देता येत नाही, उन्हाळ्यात समोरून पाणी वाहत असेल तर तोही काय करील. पण भाजी हे पाणी पिते. इस्राएलमध्ये २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात लोकांना एक आठवडा शुद्ध केलेल्या सांडपाण्यावर वाढलेली भाजी दिली आणि एक आठवडा गोड्या पाण्यावरची. पहिल्या आठवड्यात त्यांच्या लघवीत कार्बामाझेपिन वाढलं. मात्रा नगण्य होती, पण शहराच्या लघवीतून शेतात, शेतातून ताटात आणि ताटातून पुन्हा लघवीत असा वर्तुळाकार प्रवास पहिल्यांदा डोळ्यांनी दिसला.

आता माझ्या धंद्यातली खरी मेख सांगतो. कारखान्याचं पाणी पास की नापास हे प्रामुख्याने सीओडीवरून ठरतं. सीओडी म्हणजे त्या पाण्यातला सगळा सेंद्रिय माल जाळायला किती ऑक्सिजन लागेल याचा आकडा. नदीनाल्यात सोडायचं तर लिटरला २५० मिलिग्रॅमच्या आत हवा. हा आकडा मालाचं वजन सांगतो, माल कोणता ते सांगत नाही. समजा त्या पाण्यात लिटरला एक मिलिग्रॅम सिप्रोफ्लॉक्सासिन आहे. त्याने सीओडी किती वाढेल? दोनसुद्धा नाही. अडीचशेत दोन, मोजमापाच्या चुकीत विरघळून जाईल. पण जिवाणूंमध्ये प्रतिकार वाढीला लागू नये म्हणून संशोधकांनी २०१६ मध्ये सुचवलेली सिप्रोफ्लॉक्सासिनची पातळी आहे लिटरला ०.०६४ मायक्रोग्रॅम. म्हणजे ते पाणी त्या पातळीच्या पंधरा हजार पटींहून वर आहे, आणि कागदावर ‘पास’. मी अशा कागदांवर सह्या केल्या आहेत. खोटी एकही नव्हती. तपासायला सांगितलेलं सगळं तपासलं होतं.

एका कारखान्यातली, नाव सांगत नाही, शनिवार सकाळची गोष्ट. ईटीपीच्या ऑपरेटरचा फोन आला, ‘साहेब, टांकी मरी गई.’ जाऊन पाहिलं तर एरिएशन टाकीचा, म्हणजे हवा घुसळायच्या टाकीचा, छान चॉकलेटी रंग जाऊन राखाडी आला होता, वर पांढरा फेस. एक लिटरच्या मापात पाणी भरून अर्धा तास ठेवलं की गाळ तिसऱ्या हिश्शावर बसायचा, तो बसायलाच तयार नव्हता, सगळं गढूळ. चौकशीअंती कळलं, रात्रपाळीत कुणीतरी प्रतिजैविकाच्या बॅचचं मदर लिकर सरळ गटारात सोडलं होतं. मदर लिकर म्हणजे औषधाचे स्फटिक गाळून घेतल्यावर उरणारं द्रावण. त्यात औषध शिल्लक असतंच. ते वेगळं साठवून जाळायला पाठवायचं असतं. जाळण्याला पैसे पडतात, गटार फुकट. मग नवे जिवाणू वाढवायला शेणाचे टेम्पो आले, गूळ आला, युरिया-डीएपी आलं, दुसऱ्या प्लँटमधून जिवंत गाळाचा टँकर मागवला. टाकी पूर्ववत व्हायला तीन आठवडे लागले. मॅनेजर कपाळाला हात लावून बसला होता. मी त्याला म्हटलं, टाकी मेली हे बरं झालं. मेली नसती तर शिकली असती.

हे वाक्य मी तेव्हा वैतागून बोललो, पण सगळी भीती त्यातच आहे. जास्त डोस पडला की जिवाणू मरतात आणि आपल्याला कळतं. थोडा थोडा डोस रोज पडत राहिला की मरत नाहीत, सरावतात. शुद्धीकरणाच्या टाकीत कोट्यवधी जिवाणू खेटून राहतात, खायला भरपूर, आणि ते प्रतिकाराची जनुकं एकमेकांना देतात, वेगळ्या जातीच्या शेजाऱ्यालासुद्धा. प्रतिजैविकाची मंद धार तिथे चालू ठेवणं म्हणजे त्यांची शिकवणी लावणं. २०१० मध्ये ‘एनडीएम-१’ या जनुकाची बातमी गाजली, ज्यामुळे शेवटची राखून ठेवलेली प्रतिजैविकंही निकामी होतात; पुढच्याच वर्षी ते दिल्लीतल्या साचलेल्या पाण्यात आणि काही नळांच्या पाण्यातही सापडल्याचं प्रसिद्ध झालं. सासऱ्यांना दवाखान्यात न्यूमोनिया झाला तेव्हा डॉक्टरांनी दोनदा औषध बदललं, असं तुम्ही लिहिलं आहे. त्यामागचं कारण विश्वामित्री असं मी म्हणणार नाही. पण औषध लागू न पडणं म्हणजे काय ते तुमच्या घराने पाहिलं आहे.

या विषयातलं सर्वांत गाजलेलं उदाहरण आपल्याच देशातलं आहे. हैदराबादजवळ पाटणचेरूला सुमारे ९० औषध कारखान्यांचं पाणी एका सामायिक केंद्रात शुद्ध व्हायचं. स्वीडनच्या संशोधकांनी तिथून बाहेर पडणारं, म्हणजे शुद्ध केलेलं, पाणी तपासलं आणि २००७ मध्ये आकडा छापला: लिटरला ३१ मिलिग्रॅमपर्यंत सिप्रोफ्लॉक्सासिन. औषध चालू असताना रुग्णाच्या रक्तात असतं त्याहून जास्त. दिवसाला सुमारे ४४ किलो, म्हणजे ४४ हजार वस्तीच्या गावात प्रत्येकाला एक दिवस पुरेल एवढं. आमच्या लॅबमध्ये तो पेपर आला तेव्हा पहिली प्रतिक्रिया अशी, की दशांश चिन्ह चुकलं असणार. चुकलं नव्हतं.

त्यानंतर नियम झाला का? होता होता राहिला. जानेवारी २०२० मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने बल्क ड्रग कारखान्यांच्या सांडपाण्यात प्रतिजैविकांच्या मर्यादा घालणारा मसुदा काढला. ऑगस्ट २०२१ मध्ये अंतिम अधिसूचना आली, तेव्हा त्या मर्यादा गाळलेल्या होत्या. उद्योगाचं म्हणणं होतं, की आकडे फार कडक आहेत, खर्च परवडणार नाही. खर्च येतो हे मीही सांगेन, आयुष्यभर तोच पाहिला. पण आकडे सैल करणं वेगळं आणि रकानाच काढून टाकणं वेगळं. रकाना असता तर निदान प्रत्येक जण मोजायला लागला असता, आणि माझा अनुभव असा, की मोजायला लागलं की रात्रपाळीही शहाणी होते. सप्टेंबर २०२४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने प्रतिजैविक कारखान्यांच्या सांडपाण्यासाठी पहिल्यांदा मार्गदर्शिका काढली. ती बंधनकारक नाही, पण परदेशी गिऱ्हाईक आता तिच्याविषयी विचारतं, आणि गिऱ्हाईक विचारतं तेव्हा आमच्याकडे कामं पटापट होतात.

माशांचं थोडक्यात. कॅनडात शास्त्रज्ञांनी एका अख्ख्या तळ्यात तीन उन्हाळे गर्भनिरोधक गोळीतलं संप्रेरक लिटरला पाच-सहा नॅनोग्रॅम एवढंच टाकलं. नर माशांत मादीची लक्षणं आली आणि फॅटहेड मिनो या लहान माशाची संख्या कोसळून जवळपास शून्यावर आली. हे २००७ मध्ये प्रसिद्ध झालं. थोडं म्हणजे निरुपद्रवी, हा भरवसा संप्रेरकांच्या बाबतीत तरी तेव्हाच संपला.

आणि गिधाडं. तुमच्या पिढीने बडोद्यात गिधाड पाहिलं असेल असं वाटत नाही. मी लहानपणी मेलेल्या गुरांभोवती त्यांची जत्रा पाहिली आहे. गुरांना दुखण्यावर डायक्लोफेनॅक द्यायला लागले, ते मेलेल्या गुराच्या मांसात उरलं, आणि ते खाऊन गिधाडांचे मूत्रपिंड निकामी झाले. हे कारण २००४ मध्ये पाकिस्तानातल्या अभ्यासातून उघड झालं. १९९२ ते २००७ या काळात भारतातली पांढऱ्या पाठीची गिधाडं हजारात एक उरली. २००६ मध्ये गुरांसाठीच्या डायक्लोफेनॅकवर बंदी आली. लोक माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या गुरांना टोचत राहिले, म्हणून २०१५ मध्ये माणसांचं इंजेक्शन तीन मिलिलिटरच्या एकाच डोसात विकायची सक्ती झाली. २०२३ मध्ये केटोप्रोफेन आणि ॲसिक्लोफेनॅकही गुरांसाठी बंद झाली. मेलॉक्सिकॅम गिधाडांना चालतं, तेही गुरांच्या दुखण्यावर गुण देतं. ही गोष्ट मी यासाठी सांगतो, की इथे नदीचा संबंधच नव्हता. औषध कुठल्या दाराने बाहेर पडेल याचा अंदाज आधी कुणालाच नव्हता.

आता नळाचं पाणी. शहराला आजवा तलावाचं पाणी १८९२ पासून येतं, आणि महीचं येतं ते फाजलपूर, रायका, दोडका, पोइचा इथल्या फ्रेंच विहिरींतून. या विहिरी नदीचं पाणी थेट उचलत नाहीत. नदीच्या वाळूखाली आडव्या नळ्या पसरलेल्या असतात आणि पाणी वाळूच्या जाड थरातून झिरपून त्यांत येतं. युरोपात राइनकाठी हीच युक्ती पूर्वापार चालत आली आहे. वाळूतले जिवाणू बरीच औषधं मोडतात. कार्बामाझेपिनसारखी काही निसटतात. समजा निसटली. अगदी वाईट धरून चालू, की लिटरला १०० नॅनोग्रॅम मेटफॉर्मिन पाण्यात आलं. ५०० मिलिग्रॅमची एक गोळी पोटात जायला तुम्हाला ५० लाख लिटर पाणी प्यावं लागेल. रोज तीन लिटरच्या हिशेबाने साडेचार हजार वर्षं. लेकीला सांगा, हे गणित प्रोजेक्टमध्ये घाल, मास्तर खूश होतील. म्हणून मी म्हटलं, पाणी खुशाल प्या. माझी काळजी तुमच्या ग्लासाची नाही, ग्लासापर्यंत पोचण्याआधी ते पाणी ज्या जिवाणूंना आणि माशांना भेटतं त्यांची आहे.

आरओचा पडदा बहुतेक औषधं अडवतो, हे खरं. पण अडवलेलं सगळं त्या दुसऱ्या नळीतून मोरीत जातं, म्हणजे आपण ते फक्त पुढच्या घरी ढकललं. उकळून औषध जात नाही. उकळायचं ते जंतूंसाठी. औषधासाठी म्हणून आरओ घेऊ नका, क्षार जास्त असतील तर घ्या.

शहराच्या केंद्रांना ओझोन किंवा सक्रिय कार्बनचा टप्पा जोडला तर यातलं बरंच निघतं. स्वित्झर्लंडने २०१६ पासून मोठ्या केंद्रांना ते सक्तीचं केलं आहे. युरोपीय संघाने २०२४ मध्ये कायदाच केला, की मोठ्या शहरांतल्या या जादा टप्प्याच्या खर्चापैकी किमान ८० टक्के औषध आणि सौंदर्यप्रसाधनांच्या कंपन्यांनी द्यायचा. कंपन्या त्यावर भांडताहेत. आपल्याकडे हे आज आणा असं मी म्हणणार नाही. ज्या गावात काही नाले अजून केंद्राला वळसा घालून नदीत जातात, तिथे ओझोन म्हणजे फाटक्या धोतराला जरीचा काठ. माझ्या हातात पैसे दिले तर मी ते आधी नाले जोडण्यात आणि कारखान्यांचं मदर लिकर उगमाशीच जाळण्यात घालीन. गोळी एकदा शहरभराच्या पाण्यात मिसळली की ती वेगळी काढणं महाग. कारखान्यात ती एका पिंपात असते.

आता पिशवी. ट्रॅमाडॉलची स्ट्रिप आजच फ्लश करा आणि विसरा. मुदत शिल्लक असलेल्या, न कापलेल्या स्ट्रिप्स बिलासकट तुमच्या नेहमीच्या मेडिकलवाल्याला दाखवा; काही दुकानदार परत घेतात. नाही घेतल्या तर डॉक्टर बसत असलेल्या एखाद्या धर्मादाय दवाखान्यात द्या. कामवाल्या बाईंना परस्पर देऊ नका, विशेषतः ती अर्धी उरलेली अझिथ्रोमायसिनची स्ट्रिप. ‘ताप आला की घे’ या वाक्याने या देशात जेवढा प्रतिकार वाढवला असेल तेवढा कारखान्यांनीही नसेल, आणि हे मी कारखान्यांची पाठराखण करायला म्हणत नाही. संधिवाताची मेथोट्रेक्सेटची गोळी वेगळी काढा, उघड्या हाताने फोडू नका. ते पेशी मारणारं औषध आहे. ज्या इस्पितळात उपचार झाले तिथल्या फार्मसीला विनंती करा, त्यांच्या दवाखान्यातल्या कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीतून ते जाळायला जाईल. तिथलं जाळणं गच्चीवरच्यासारखं नसतं, अशा औषधांना १२०० अंशांच्या वरची भट्टी लागते. काकूंना हेच सांगा: स्ट्रिपचं प्लास्टिक बहुधा पीव्हीसी असतं, त्याचा धूर तुमच्याच घरात येईल. दम्याचा पंप तर आगीत फुटतो.

बाकीच्या गोळ्या स्ट्रिपमधून काढून वापरलेल्या चहाच्या चोथ्यात किंवा मातीत कालवा, जाड पिशवीत बांधा आणि ओल्या-सुक्यापासून वेगळी, ‘मुदतबाह्य औषधं’ असं लिहून कचऱ्याच्या गाडीला द्या. घनकचरा नियमांत औषधं वेगळ्या द्यायच्या कचऱ्यात मोजली आहेत, तेव्हा गाडीवाल्याने कुरकुर केली तर हे सांगता येतं. तो कुरकुर करीलच. रिकाम्या स्ट्रिप्स आणि बाटल्यांची लेबलं कात्रीने कापा, नाहीतर त्या पुन्हा भरून विकणारे आहेत. इन्सुलिनच्या सुया जाड प्लास्टिकच्या डब्यात बंद करून द्या, हाताने कचरा वेचणाऱ्या माणसाचा विचार करून. केरळने कोझिकोडपासून घरोघरची न वापरलेली औषधं गोळा करून रीतसर जाळायची योजना सुरू केली आहे. आपल्याकडे तशी झाली तर हा अख्खा परिच्छेद पुसून टाका.

राहिली ती डायक्लोफेनॅकच्या जेलची ट्यूब. ती टाकू नका, सासूबाई गुडघ्याला लावतात असं तुम्हीच लिहिलंय. या जेलमधलं जेमतेम सहा टक्के औषध कातडीतून आत जातं. बाकीचं हातावर, साडीवर आणि टॉवेलवर राहतं आणि धुण्याच्या पाण्याबरोबर जातं, गोळी घेतली असती तर जातं त्याच्या कितीतरी पट. त्यांना सांगा, लावून झालं की लगेच नळाखाली हात धरायचा नाही. आधी जुन्या वर्तमानपत्राच्या तुकड्याला हात पुसायचा, तो कागद कचऱ्यात टाकायचा, मग साबण.